पुरेशी नजर : हरणाची शिकार, दुर्बीण आणि पाहण्याचे दायित्व

स्कॉटलंडच्या डोंगराळ प्रदेशात रेड डिअर जातीच्या हरणांची शिकार पायी, दबकत आणि वाऱ्याचा अंदाज घेत केली जाते. या पद्धतीला स्टॉकिंग म्हणतात. तीत हाकारे नसतात, मचाण नसते, पाठलागाला कुत्री नसतात. शिकारी सकाळी खोऱ्याच्या एका अंगाला बसतो आणि समोरचा उतार दुर्बिणीने तुकड्यातुकड्याने पाहतो. कळप सापडला की ओढ्याच्या घळीतून, पीटच्या ओल्या जमिनीवरून सरपटत तो दीड-दोनशे मीटरपर्यंत पोहोचतो आणि शक्यतो एकच गोळी झाडतो. दिवसाचे सात-आठ तास यात गेले तर त्यांतला मोठा भाग पाहण्यात जातो. रायफलीचे काम काही सेकंदांचे असते. त्यामुळे कोणती दुर्बीण घ्यावी, ती किती पैशांची असावी, स्वस्त पण चांगली मिळते का, हे प्रश्न नव्या शिकाऱ्याला सर्वांत आधी पडतात. दुकानदार त्यांची उत्तरे भिंगाच्या भाषेत देतो. परंतु या उपकरणाने जे दिसते त्यावर एखादा जीव राहायचा की जायचा हे ठरते, आणि म्हणून त्याच्या निवडीला धर्मविचाराचीही एक बाजू आहे. मारण्यापूर्वी किती पाहिले म्हणजे पुरेसे पाहिले, आणि पुरेसे पाहिले म्हणून मारणे योग्य ठरते का, हे ते दोन प्रश्न. ते वेगवेगळे आहेत आणि त्यांची गल्लत फार होते.

पहिल्या प्रश्नाचा विचार भारतीय परंपरेने शिकारीच्या कथांतून केला आहे. रामायणातला दशरथ शब्दवेधी आहे. शरयूच्या काठी अंधारात घडा भरल्याचा आवाज त्याला हत्ती पाणी पीत असल्यासारखा वाटतो आणि बाण एका तपस्व्याच्या मुलाला लागतो. मराठी घरांत हा मुलगा श्रावणबाळ म्हणून ओळखला जातो. दशरथाचा नेम अचूक आहे. नेम साधला की लक्ष्यही ओळखले, असे त्याने धरले, आणि अनर्थ तिथे झाला. महाभारताच्या आदिपर्वातल्या पंडूची गोष्ट उलट आहे. त्याला समोरचे हरणांचे जोडपे उजेडात स्पष्ट दिसते, ते रतिमग्न आहे हेही दिसते, आणि तरीही तो पाच बाण सोडतो. ते हरीण म्हणजे किंदम ऋषी असतो. मरताना त्याचा आणि पंडूचा जो वाद होतो तो नीतिशास्त्राच्या दृष्टीने शापापेक्षाही मोलाचा आहे. पंडू म्हणतो, मृगया राजांना विहित आहे, अगस्त्यांनीही ती केली. ऋषी ते नाकारत नाही. हरीण मारले याबद्दल त्याची तक्रार नाही. आनृशंस्य म्हणून, म्हणजे क्रूर न होण्याच्या भानाने, पंडूने थांबायला हवे होते एवढेच तो म्हणतो. दशरथाने न पाहता मारले. पंडूने पाहिले, पण पाहिलेल्याचा अर्थ मनाशी येईपर्यंत तो थांबला नाही.

किंदमाचा आक्षेप स्कॉटलंडला लागू केला तर अडचण होईल. तिथे नरांच्या शिकारीचा पारंपरिक हंगाम १ जुलै ते २० ऑक्टोबर असा होता, म्हणजे त्याचे शेवटचे आठवडे नेमके माजाच्या काळात येत. नर डरकाळ्या फोडत माद्यांभोवती फिरत असतो, सावधपणा विसरलेला असतो, आणि तेव्हाच त्याला गाठणे सोपे जाते. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये नरांसाठीचा बंदीचा काळच तिथल्या सरकारने रद्द केला.

आणखी एक कथा या संदर्भात नेहमी सांगितली जाते आणि बहुधा चुकीच्या जागी सांगितली जाते. द्रोणाचार्यांच्या परीक्षेत अर्जुनाला झाड दिसत नाही, फांदी दिसत नाही. मराठी सांगण्यात त्याला पोपटाचा डोळा तेवढा दिसतो. एकाग्रतेचा आदर्श म्हणून ही कथा शाळेपासून शिकवली जाते. पण तो पक्षी कारागिरांनी घडवलेला होता. त्याच्यामागे दुसरा जीव उभा नव्हता आणि बाण पार गेला असता तरी काही बिघडले नसते. डोंगरावर अर्जुनाची ही नजर दोषाची ठरते. रायफलीची गोळी हरणातून आरपार जाऊन मागच्या हरणाला जायबंदी करू शकते. हरीण कड्याच्या धारेवर आभाळाला टेकून उभे असेल तर गोळी पलीकडच्या खोऱ्यात कुठे उतरेल हे कोणालाच सांगता येत नाही, म्हणून तसा बार टाकायचा नाही हा तिथला पक्का नियम आहे. शिकाऱ्याला फांदी, झाड, आभाळ आणि आजूबाजूचे सगळे दिसले पाहिजे.

दुर्बिणीने नेमके काय ओळखायचे याची यादी त्यामुळे लांबते. आधी नर की मादी. खास परवानगी नसेल तर माद्यांची शिकार २१ ऑक्टोबर ते १५ फेब्रुवारी या काळातच करता येते. त्याबाहेर मादी पडली तर तो गुन्हा आहे. मोठा नर शिंगांवरून मैलावरून कळतो. वर्षभराच्या नराची शिंगे मात्र कानांआड लपतील एवढी आखूड असू शकतात, आणि सहाशे मीटरवर ती दिसणे किंवा न दिसणे हा भिंगाच्या दर्जाचा प्रश्न होतो. मग वय, प्रकृती, लंगडेपणा, जुनी जखम. हिवाळ्यात माद्यांच्या कळपात सर्वांत अवघड काम असते ते कोणते पाडस कोणत्या मादीचे हे ठरवण्याचे. मादी मारली आणि पाडस मागे राहिले तर ते थंडीत हालहाल होऊन मरण्याची भीती असते, म्हणून मारायचे तर दोघांनाही मारावे असा तिथला संकेत आहे. हे वाचायला निष्ठुर वाटते. पण त्यामागचा हेतू क्रौर्य कमी करण्याचाच आहे. आणि पाडस कोणाचे हे कळायला एका नजरेने भागत नाही. अर्धा तास, कधी तासभर, कोण कोणाला चिकटून चालते, कोण कोणाला चाटते हे पाहत राहावे लागते. तासभर डोळ्यांना लावून ठेवता येत नाही अशी दुर्बीण इथे कुचकामी.

या कामासाठी पूर्वी दुर्बीण नसे, दूरदर्शी नळी असे. विल्यम स्क्रोप यांचे हरणांच्या शिकारीवरचे प्रसिद्ध पुस्तक १८३८ चे; त्या काळापासून पुढे शंभर वर्षे पितळेची, कातड्याने मढवलेली, एकात एक सरकणारी नळी हीच स्टॉकरची खूण होती. तो पाठीवर रेलून नळी गुडघ्याला आणि काठीला टेकवून डोंगर पाहत बसे. ही नजर इतकी तरबेज होती की बोअर युद्धासाठी १९०० साली लॉर्ड लोव्हॅट यांनी हायलँडमधल्या स्टॉकर आणि त्यांच्या घिली नावाच्या मदतनीसांमधून लोव्हॅट स्काउट्स ही पलटण उभारली, ती मुख्यतः टेहळणीसाठी. हरीण शोधणारी नजर माणूस शोधू लागली. नळीने खूप मोठे दिसते, पण एकाच डोळ्याने आणि अगदी छोटे वर्तुळ. इटालियन इग्नाझिओ पोरो यांनी लोलकांनी प्रतिमा सुलटी करण्याची युक्ती १८५४ मध्ये नोंदवली होती. एर्न्स्ट आबे यांच्या कामावरून झाइस कंपनीने १८९४ मध्ये लोलकाची दुर्बीण बाजारात आणली आणि दोन्ही डोळ्यांनी खोली कळेल असे पाहणे शक्य झाले.

दुर्बिणीवर ८×४२ असे लिहिलेले असते. पहिला आकडा ती किती पट मोठे दाखवते तो; दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. नवा माणूस पहिल्या आकड्यामागे धावतो. पण दहापट दाखवणाऱ्या दुर्बिणीत हाताचा कंपही दहापट होतो आणि दिसणारा प्रदेश आकुंचन पावतो : हजार मीटरवर आठपट दुर्बिणीत साधारण १३० मीटर रुंदीचा पट्टा दिसतो, दहापट दुर्बिणीत ११० च्या आसपास. स्पॅनिश तत्त्वज्ञ होसे ओर्तेगा इ गासेत यांनी १९४२ मध्ये शिकारीवर लिहिलेल्या निबंधात शिकाऱ्याला सावध माणूस म्हटले आहे. काय घडणार आणि कुठे घडणार हे त्याला आधी ठाऊक नसते, म्हणून त्याचे लक्ष एका बिंदूवर खिळलेले नसते, सगळीकडे पसरलेले असते. हे त्यांचे निरीक्षण बरोबर आहे आणि त्याचा व्यावहारिक अर्थ एवढाच की रुंद दिसणारी आठपट दुर्बीण बहुतेकांना अधिक उपयोगी पडते. उघड्या, विस्तीर्ण डोंगरावर दहापट चालते, पण ती टेकवून धरायची सवय हवी. जंगलात रो डिअर या लहान हरणासाठी आठपटच बरी.

दुसरा आकडा उजेडाचा आहे. व्यासाला वर्धनाने भागले की डोळ्याकडच्या भिंगातून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी मिळते : ८×४२ मध्ये ५.२५ मिलिमीटर, १०×४२ मध्ये ४.२, ८×५६ मध्ये पूर्ण ७. तरुण डोळ्याची बाहुली अंधारात सात मिलिमीटरपर्यंत उघडते. पन्नाशी-साठीत ती पाचच्या घरात येते. म्हणजे पन्नाशीच्या शिकाऱ्याने ८×५६ चे किलोभर ओझे गळ्यात घालून मिळवलेला जादा प्रकाश त्याच्या डोळ्यात शिरतच नाही. इथे कायद्याचाही संबंध येतो. स्कॉटलंडमध्ये खास परवानगी नसेल तर सूर्यास्तानंतर एक तास उलटल्यावर आणि सूर्योदयाआधी एक तासापर्यंत हरीण मारता येत नाही. कायद्याने दिलेला तो संध्याकाळचा एक तास हाच दशरथाचा तास आहे. हरणे त्याच वेळी चरायला बाहेर येतात आणि शिकाऱ्याची नजर तेव्हाच सर्वांत कच्ची असते. जी दुर्बीण या तासात नर-मादी ओळखू देत नाही, तिच्या मालकासाठी दिवस कायद्याच्या आधी संपतो, आणि त्याने तो संपला असे मानले पाहिजे.

स्वस्त आणि महाग दुर्बिणींतला खरा फरक भिंगांवरच्या लेपांचा असतो. साध्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे चार टक्के प्रकाश परत फेकतो. दुर्बिणीत असे बारा पृष्ठभाग धरले तरी जवळजवळ चाळीस टक्के प्रकाश वाटेतच जातो, आणि त्यातला काही आत इकडेतिकडे उसळून चित्र फिके करतो. झाइसमध्ये काम करणाऱ्या अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये परावर्तन रोखणारा लेप शोधला. आजच्या अनेकपदरी लेपांनी प्रत्येक पृष्ठभागावरचा तोटा अर्ध्या टक्क्यापर्यंत खाली येतो आणि बारा पृष्ठभागांचा एकूण तोटा सहा टक्क्यांच्या आसपास राहतो. सडपातळ, सरळ नळ्यांच्या दुर्बिणींत छपरासारख्या आकाराचे लोलक असतात. त्यांत प्रकाशाचा झोत दुभंगून पुन्हा जुळतो, जुळताना लहरींचा मेळ बिघडतो आणि बारीक तपशील पुसट होतात. यावरचा उपाय, लहरींचा मेळ राखणारा लेप, झाइसने १९८८ मध्ये आणला. तेव्हा तो सर्वांत महागड्या दुर्बिणींतच मिळे. आज तो मध्यम किमतीच्या दुर्बिणींत असतो, आणि गेल्या तीस-चाळीस वर्षांत स्वस्त पण चांगली दुर्बीण हा शब्दप्रयोग अर्थपूर्ण झाला तो मुख्यतः यामुळे.

निवड करताना काही गोष्टी दुकानातच कळतात. दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे करावी : डोळ्याकडच्या भिंगातला प्रकाशाचा ठिपका पूर्ण गोल हवा, त्याच्या कडा चौकोनी किंवा करड्या दिसल्या तर लोलकाची काच हलकी आहे. पुढच्या भिंगात दिव्याचे प्रतिबिंब हिरवट-जांभळे आणि मंद दिसावे. पांढरेफटक दिसले तर लेप नाममात्र आहे. दूरची तार किंवा छपराची कड पाहावी. तिला जांभळी-हिरवी किनार जितकी कमी तितके बरे. पाच मिनिटे पाहून डोके जड झाले तर दोन नळ्यांचा मेळ बसलेला नाही, ती दुर्बीण कितीही स्वस्त असली तरी ठेवून द्यावी. चष्मा लावणाऱ्यांनी भिंगापासून डोळा किमान सोळा मिलिमीटर दूर ठेवूनही पूर्ण चित्र दिसते का ते पाहावे. आत नायट्रोजन भरलेला असावा आणि बांधणी पाणी न शिरणारी असावी. स्कॉटलंडच्या पावसात ही चैनीची गोष्ट नाही. दुकानातल्या लखलखाटात सगळ्याच दुर्बिणी चांगल्या वाटतात, म्हणून शक्य तर संध्याकाळी जावे आणि बाहेर फुटपाथवर उभे राहून पाहावे. चांगला दुकानदार याला नाही म्हणत नाही.

किमतीचा प्रश्न उरतो. ब्रिटनमध्ये दोनशे ते पाचशे पौंडांच्या दरम्यान हॉक, व्हॉर्टेक्स, निकॉन, ऑप्टिक्रॉन यांच्या ८×४२ दुर्बिणी मिळतात आणि वरच्या सगळ्या कसोट्या त्यांतल्या बऱ्याच पार करतात. ऑस्ट्रियाच्या स्वारोव्स्कीची किंवा जर्मनीच्या लायका आणि झाइसची सर्वोत्तम दुर्बीण दोन हजार पौंडांच्या वर जाते. ती चारपट चांगली असते का? कडेपर्यंत रेखीव चित्र, मावळतीला आणखी काही मिनिटांची नजर आणि वीस वर्षांनी दुरुस्तीची हमी एवढे नक्की मिळते. रोज डोंगरावर जाणाऱ्या स्टॉकरला ते पैसे वसूल होतात. वर्षातून आठवडाभर जाणाऱ्याला होत नाहीत. स्कॉटलंडच्याच ॲडम स्मिथ यांनी १७५९ च्या ग्रंथात अशा माणसाचे चित्र काढले आहे : दिवसाला दोन मिनिटे मागे पडणारे घड्याळ तो दोन-तीन गिनींना विकून टाकतो, पन्नास गिनींचे अचूक घड्याळ घेतो, आणि तरीही इतरांपेक्षा वक्तशीर होत नाही. त्याला वेळ जाणून घ्यायची नसते, यंत्राच्या नेमकेपणाची हौस असते. दुर्बिणींच्या बाजारात हा माणूस आजही भेटतो. नजर विकत मिळत नाही, उपकरण मिळते, आणि जे पैसे उपकरणाच्या शेवटच्या पाच टक्के गुणांवर जातात ते सरावातून कापले गेले असतील तर हरणाच्या वाट्याला त्याचा काही लाभ येत नाही.

उलट बाजूची काटकसरही तितकीच सदोष. तीस-चाळीस पौंडांची दुर्बीण, पंचवीसपट वर्धन आणि तांबूस चकाकती भिंगे घेऊन येते. तिने फक्त मालकाची फसवणूक झाली असती तर तो त्याचा प्रश्न होता. खर्चाची खालची मर्यादा इथे मालकाच्या खिशावरून ठरत नाही, समोरच्या प्राण्यावरून ठरते. तेवढे पैसे नसतील तर जुनी घ्यावी. पूर्व जर्मनीतल्या येना इथल्या कारखान्याच्या ८×३० पोरो दुर्बिणी आजही स्वस्तात मिळतात. पोरो लोलकाला लहरींच्या लेपाची गरज नसते, त्यामुळे त्याच पैशांत चित्र अधिक स्वच्छ मिळते. दोष एवढाच की त्या पावसात टिकत नाहीत आणि नळ्यांचा मेळ तपासून घ्यावा लागतो.

काही जण विचारतात की रायफलीवर दुर्बीण असतेच, मग वेगळी कशाला? याचे उत्तर या विषयाच्या गाभ्याशी आहे. रायफलीवरच्या स्कोपमधून जे पाहायचे त्याच्यावर नळी रोखावी लागते. झुडपामागे हालचाल दिसली, ते हरीण आहे की वाटसरू हे पाहायला स्कोप डोळ्याला लावला, तर ओळख पटण्याआधीच त्या माणसावर रायफल रोखली गेलेली असते. वेगळी दुर्बीण पाहणे आणि नेम धरणे यांच्यात अंतर ठेवते. दुर्बीण खाली ठेवणे, रायफल हाती घेणे, पुन्हा शोधणे, या खटाटोपात काही क्षण जातात आणि त्या क्षणांत विचार बदलता येतो. किंदमाने पंडूकडे जे मागितले होते ते थांबणे इथे उपकरणांच्या रचनेतच बसवलेले आहे.

स्कॉटलंडच्या बड्या इस्टेटींवर मात्र हे अंतर दुसऱ्याच रीतीने पडते. तिथे नोकरीवरचा स्टॉकर हरीण शोधतो, पारखतो, पाहुण्याला जवळ नेतो, बोट दाखवतो. पैसे भरून आलेला पाहुणा चाप ओढतो. पाहणारा एक, मारणारा दुसरा. स्टॉकर अनुभवी असतो, त्याची पारख पाहुण्यापेक्षा दहापट चांगली असते, त्यामुळे हरणाच्या दृष्टीने ही व्यवस्था सुरक्षितच आहे. पण चाप ओढणाऱ्याने स्वतः काहीच ओळखलेले नसेल तर त्याने आपला विवेक भाड्याने दिलेला आहे. वनपर्वातला धर्मव्याध मिथिलेत मांस विकतो आणि स्वतः प्राणी मारत नाही. तो ते लपवत नाही आणि आपल्या कर्माचा हिशेब स्वतः मांडतो. पाहुण्याकडून निदान तेवढ्याची अपेक्षा ठेवता येते. त्याने स्वतःची दुर्बीण आणावी आणि स्टॉकर दाखवतो ते हरीण मादी का, म्हातारी का, एकटी का, हे स्वतः पडताळावे.

आता दुसरा प्रश्न. एवढे सगळे पाहिले, तर मारणे योग्य झाले का? ओर्तेगांचे म्हणणे असे की खरा शिकारी मारण्यासाठी शिकार करत नाही, शिकार पूर्ण व्हावी म्हणून मारतो. हे वाक्चातुर्य आहे. मरणाऱ्या हरणाला यातला भेद उपयोगाचा नाही. कौटिल्य शिकारीला व्यसनच म्हणतो, पण द्यूतापेक्षा बरे मानतो, कारण तीत व्यायाम होतो, चल-अचल लक्ष्यावर नेम साधतो आणि प्राण्यांच्या मनाचे ज्ञान होते. मनुस्मृतीच्या कामज व्यसनांत मृगया पहिलीच आहे. जैन विचार सर्वांत काटेकोर आहे. तत्त्वार्थसूत्र हिंसेचे मूळ प्रमादात, म्हणजे बेसावध वागण्यात शोधते. साधूने चालताना पुढची काही हात जमीन नीट पाहून पाऊल टाकावे या नियमाला ईर्यासमिती म्हणतात. पाहणे ही अहिंसेची अट म्हणून इतक्या स्पष्टपणे क्वचितच कुठे मांडली गेली असेल. पण तीच परंपरा गृहस्थाच्या हिंसेचे प्रकार पाडताना शेतीत, स्वयंपाकात किंवा स्वसंरक्षणात होणारी हिंसा वेगळी काढते आणि ठरवून केलेली संकल्पी हिंसा पूर्णपणे वर्ज्य मानते. स्टॉकिंग हे संकल्पी हिंसेचे शुद्ध उदाहरण आहे. त्यात जितके लक्षपूर्वक पाहिले जाते तितका संकल्प अधिक ठाम होतो. या दृष्टीने चांगली दुर्बीण शिकाऱ्याला प्रमादातून सोडवते, हिंसेतून सोडवत नाही.

शिकारीच्या बाजूने सर्वांत भक्कम युक्तिवाद प्राण्याबद्दलचा नसून डोंगराबद्दलचा आहे. स्कॉटलंडमधले लांडगे माणसाने काही शतकांपूर्वी संपवले. हरणांना नैसर्गिक शत्रू उरला नाही, त्यांची संख्या वाढली आणि पाइनची कोवळी रोपे वर येण्याआधीच खाल्ली जाऊ लागली. ग्लेन फेशी आणि नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंडच्या ताब्यातल्या मार लॉज इथे हरणांची संख्या कमी केल्यावर जुन्या जंगलाची नवी रोपे पुन्हा उभी राहिली. अमेरिकन वनाधिकारी आल्डो लिओपोल्ड यांनी तरुणपणी लांडगे मारले, मग लांडग्याविना उजाड झालेले डोंगर पाहिले, आणि १९४९ च्या पुस्तकात डोंगराच्या बाजूने विचार करण्याची भाषा आणली. टॉम रेगन यांच्यासारखे प्राण्यांचे हक्क मानणारे तत्त्वज्ञ यावर विचारतात की माणसांची संख्या वाढली म्हणून कोणी माणसे मारत नाही, मग हरणाचा जीव जंगलासाठी का वापरावा? याला चोख उत्तर नाही. सुखदुःखाचा हिशेब मांडणारे तत्त्वज्ञ पीटर सिंगर यांच्या मोजमापाने, उपासमारीने मरण्यापेक्षा एका गोळीने मरणे कमी दुःखाचे आहे, पण तेही गोळी बरोबर बसली तरच. हरणांची संख्या कमी करणे गरजेचे आहे हे मान्य केले तरी त्यातून छंद म्हणून शिकार करण्याचे समर्थन आपोआप होत नाही. काम आणि करमणूक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्हींत गोळी तीच असली तरी पाहणे वेगळे होते. १८५१ मध्ये एडविन लँडसीअर यांनी चितारलेला बारा टोकांच्या शिंगांचा नर स्कॉटलंडची ओळखच बनला, आणि भिंतीवर टांगायच्या शिंगांसाठी डोंगर धुंडाळणारी नजर घट्ट झाली. ती नजर सर्वांत धडधाकट नर निवडते. संख्या आवरायला माद्या मारायला हव्यात, हिवाळ्यात, ओल्या थंडीत, आणि त्यांच्या शिंगांचा प्रश्नच नसतो. तत्त्वज्ञ आयरिस मरडॉक यांनी १९७० च्या पुस्तकात म्हटले आहे की नीतीचे बरेचसे काम कृतीच्या क्षणाआधी, समोरच्याकडे न्यायाने पाहण्यात झालेले असते. शिंगे मोजणाऱ्या डोळ्यांना दोन हजार पौंडांची भिंगेही न्यायाने पाहायला लावू शकत नाहीत.

भारतात हा वाद कायद्याने मिटवला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकारीला बंदी आहे, आणि नान्नज किंवा रेहेकुरीच्या माळावर काळवीट पाहायला जाणाऱ्याला दुर्बीण लागते ती केवळ पाहण्यासाठी. त्याच्यासाठीही वरच्या सगळ्या कसोट्या तशाच लागू पडतात आणि ८×४२ हीच मापे योग्य ठरतात.

स्कॉटलंडच्या डोंगरावर जाणाऱ्यासाठी निवाडा असा : लहरींचा लेप असलेली, पाणी न शिरणारी, दोनशे ते पाचशे पौंडांमधली ८×४२ दुर्बीण पुरेशी आहे, नवी घेताना त्याखाली जाणे हरणावर अन्याय आहे आणि त्यावर जाणे बहुतेकांच्या बाबतीत हौस आहे. वाचलेले पैसे नेमबाजीच्या मैदानावर आणि डोंगरावर नुसते बसून पाहण्यात घालवावेत. ज्याला त्यासाठी सवड नाही त्याने दुर्बीण जरूर घ्यावी, रायफल घेऊ नये.